पाच आणे चार पै

मागच्या आठवड्यात ऑफिसात एका जुन्या पर्ल स्क्रिप्टने डोकं खाल्लं, आणि शनिवारी गावी गेलो तर तिथे सातबाऱ्याने. दोन्ही भानगडी एकाच जातीच्या निघाल्या, म्हणून हा लेख.

आधी स्क्रिप्ट. 2001 साली कुणीतरी लिहिलेली. (मी तेव्हा अंगणवाडीत सुद्धा नव्हतो बहुतेक.) रोज रात्री एक फाईल वाचून बेरजा करायची एवढंच तिचं काम. इतकी वर्षं एका जुन्या सर्व्हरवर पर्ल 5.8 मध्ये सुखाने नांदत होती. सर्व्हर बदलला, नवं पर्ल आलं आणि पहिल्याच रात्री 'नॉट अ हॅश रेफरन्स' म्हणून झोपली. उघडून बघतो तर आत स्यूडो-हॅश! मी हा प्रकार फक्त ऐकून होतो.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी: माहिती ठेवायच्या दोन साध्या पद्धती असतात. अ‍ॅरे म्हणजे शाळेतले हजेरी क्रमांक, सातव्या नंबरला कोण ते लगेच कळतं. हॅश म्हणजे नावाने हाक मारणं. क्रमांक जलद आणि जागा कमी खातो, नाव माणसाला सोयीचं. 1998 च्या पर्ल 5.005 मध्ये दोन्ही एकत्र करायचा प्रयोग झाला. दिसायला हॅश, आतून अ‍ॅरे, आणि अ‍ॅरेच्या पहिल्या खणात कुठलं नाव कितव्या क्रमांकाला त्याची यादी. वस्तूचा प्रकार आधी सांगितला असेल तर नावाचा क्रमांक प्रोग्रॅम चालायच्या आधीच ठरवून टाकता यायचा, आणि नाव लिहिताना चूक झाली तर तीही तिथेच पकडली जायची. कल्पना हुशारीची होती यात वाद नाही.

पण वापरली फार थोड्यांनी, आणि भार पडला सगळ्यांवर. कारण साधा अ‍ॅरे किंवा साधा हॅश वापरतानाही पर्लला दरवेळी बघावं लागायचं की बाबा, हा सोंग घेतलेला तर नाही ना! जुलै 2002 मध्ये 5.8.0 आलं तेव्हा सोबतच्या टिपणात सरळ लिहिलं होतं की हे प्रकरण कुरूप आहे, साध्या अ‍ॅरे-हॅशचा वेग त्यामुळे जाणवण्याइतका कमी होतो, आणि 5.10 मध्ये ते काढून टाकणार. 5.10 आलं डिसेंबर 2007 मध्ये. साडेपाच वर्षांची नोटीस! शिवाय 'फील्ड्स' नावाचं जे वरचं दार होतं ते तसंच ठेवलं, फक्त आतली भिंत बदलली. दारातून येणाऱ्यांना कळलंही नाही. आमच्या स्क्रिप्टवाल्याने भिंतीलाच थेट भोक पाडलं होतं, म्हणून आम्ही पडलो. आणि साडेपाच वर्षं रोज रात्री छापली गेलेली ती सूचना? लॉग बंद करून ठेवला होता.

असो. शनिवारी गावी.

आमचं गाव वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना. छत्रपती संभाजीनगरहून बीडला जाताना पाचोड सोडलं की शहागडच्या अलीकडे लागतं. रस्ता चौपदरी झाल्यापासून रस्त्याकडेच्या जमिनीला भलताच भाव आलाय, आणि त्यामुळे घराघरात मोजण्या निघाल्यात. आमच्याकडेही निघाली. आजोबा तीन भाऊ. गट चार हेक्टरचा. आमच्या उताऱ्यावर क्षेत्र दिसतं असं: थोरल्यांचं 1 हेक्टर 33 आर, आमच्या आजोबांचं 1 हेक्टर 33 आर, धाकट्यांचं 1 हेक्टर 34 आर. हा एक आर कुठून आला यावरून दोन वर्षं काका आणि चुलत काका एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

काकाने कागदांची पिशवी माझ्यासमोर ठेवली. "तू इंजिनिअर हायस ना, बघ मग." पिशवीत पणजोबांच्या वारसाचा फेरफार होता, 1974 चा. त्यात तिन्ही भावांच्या नावापुढे एकच आकडा: 0-5-4. पाच आणे चार पै.

मी आधी हसलो. आणा बंद झाला 1 एप्रिल 1957 ला, आणि आमचे तलाठी 17 वर्षांनंतरही आण्यांत लिहितायत! मग कागदावर गुणाकार केला आणि हसू थांबलं. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. पाच आणे चार पै म्हणजे 64 पै. 64 गुणिले 3 बरोबर 192. एक तृतीयांश, बरोब्बर, काही उरत नाही. आता हेच 100 पैशांत करून बघा. 33, 33, 33 आणि हातात एक पैसा, कुणाला द्यायचा?

तो पैसा म्हणजेच आमचा एक आर.

आणा काढायचं काम सरकारने एरवी फार नीट केलं होतं. कायदा 1955 चा, अंमल 1957 चा. रुपयाला हात लावला नाही, तो होता तेवढाच राहिला. अधेली 50 नवे पैसे आणि पावली 25, या दोन्ही नेमक्या बसल्या. जुनी नाणी नव्यांसोबत काही वर्षं चालू दिली. लोकांचा गोंधळ नको म्हणून पैशाला 'नवा' म्हटलं आणि 1 जून 1964 ला ते विशेषण काढून घेतलं. दार तेच, भिंत बदलली!

गोची मधल्या आकड्यांची. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. सरकारी कोष्टकात एक आणा 6, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. म्हणजे एकेक आणा चारदा बदलला तर 24 आणि चार आणे एकदम बदलले तर 25. राउंडिंगची चूक कॉम्प्युटरने आणली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे कोष्टक बघावं. आणि मराठवाड्यातल्या माणसाला हे नवं नव्हतंच. आमच्याकडे निजामाचा हाली सिक्का होता, 1948 नंतर तो जाऊन भारतीय रुपया, म्हणजे कलदार आला. भाव 7 हालीला 6 कलदार. सातने भागाकार! तो ना 192 मध्ये नीट बसतो ना 100 मध्ये. सात-आठ वर्षांत ज्यांनी हाली, मग आणे, मग नवे पैसे असे तीन हिशेब शिकले त्या किराणा दुकानदारांना माझा साष्टांग नमस्कार. मला एका भाषेची नवी आवृत्ती आली तरी पोटात गोळा येतो.

बाजारात आणा जाणं योग्यच होतं, माझं यावर दुमत नाही. आणे-पैंच्या बेरजा करताना प्रत्येक रकान्यात वेगळा हातचा. थोड्यांच्या सोयीसाठी सगळ्यांनी रोज वाहायचा भार, स्यूडो-हॅशसारखाच. (इंग्रजांचं असंच, पौंडाचे 240 पेन्स. आयबीएमच्या पीएल/वन या भाषेत तर पौंड-शिलिंग-पेन्सचे आकडे ठेवायची खास सोय केलेली होती. 15 फेब्रुवारी 1971 ला ब्रिटनने पद्धतच बदलली. आपण 1957 मध्येच उरकलं हे बरं झालं, नाहीतर आमच्या पिढीला आणे-पैंच्या लायब्रऱ्या सांभाळाव्या लागल्या असत्या.) पण जमिनीच्या दप्तरात आणा हे नाणं नव्हतंच कधी. तो अपूर्णांक होता. तीन भाऊ, सहा वारस, विहिरीत बारावा हिस्सा, सगळं 192 मध्ये बिनबोभाट बसायचं. तलाठी जुनाट म्हणून आण्याला धरून बसले नव्हते, बदली दिलेली वस्तू ते काम करत नव्हती म्हणून बसले. नुसतं नाव बदलून भागतं तिथे भागलं. पिकाची आणेवारी आता पैसेवारी झाली आणि 50 पैशांच्या आत आली की टंचाई, तिथे तृतीयांशाचा प्रश्नच येत नाही. गावात अजून आणेवारीच म्हणतात हा भाग वेगळा.

आमच्या सातबाऱ्याच्या पहिल्या कॉम्प्युटर प्रिंटवर 'आणे पै' असा रकाना छापलेला आहे, आणि तो रिकामा आहे. भरताना हिस्सा गाळला गेला, नुसतं क्षेत्र चढलं, आणि 33-33-33 ची बेरीज 400 आर होईना म्हणून एक आर शेवटच्या नावावर टाकून दिला. त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं, बेरीज जुळवून वेळेत काम संपवलं असतं. आता चौरस मीटरपर्यंत लिहिता येतं. मग 1 हेक्टर 33 आर 33 चौरस मीटर तीनदा लिहा, एक चौरस मीटर उरेल. शंभराच्या पाढ्यात तीन बसत नाही ते नाहीच. हिस्सा अंश आणि छेद म्हणून वेगळा ठेवावा, 1 आणि 3. कॉम्प्युटरला त्यात काहीच कठीण नाही.

हे सगळं संध्याकाळी ओसरीवर सांगितलं. चुलत काकांनाही बोलावलं होतं, ते आले आणि जरा लांब बसले. मी आकडे मांडले: धाकट्यांकडे 67 चौरस मीटर जास्त, बाकी दोघांकडे 33-33 कमी, म्हणजे साधारण साडेतीनशे चौरस फूट. कुणी कुणाचं खाल्लेलं नाही, हे भागाकारात उरलेलं आहे. चुलत काका बराच वेळ फेरफार हातात धरून होते. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या बापानं काय लबाडी केली नाही, आसं लिहून देतू का तू?"

काका म्हणाला, "लबाडी कोण म्हणलं?"

"तूच म्हणला व्हता. पोळ्याच्या दिवशी."

त्यावर आजोबा मध्ये पडले. म्हणाले, विहिरीचा हिस्साही पाच आणे चार पैच आहे, मग पाळी कशी करतो आपण? आठ तास, आठ तास, आठ तास. तिथं कधी भांडण झालं का?

दुरुस्तीचा अर्ज तिघांच्या सहीने द्यायचं ठरलंय. दोन सह्या झाल्या आहेत. चुलत काका म्हणाले, पोराला विचारून सांगतो.

स्क्रिप्ट सोमवारी साध्या हॅशवर नेली. वेग कमी झाला का ते मोजलं, अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. लॉग मात्र चालू करून ठेवलाय.