शंभर रायफली, एकच ढीग

जुन्या बंदुकीची कारागिरी म्हटलं की दस्त्यावरचं पितळी नक्षीकाम आठवतं. मला मात्र कारागिरीचा कळस वाटते ती एक साधी, लष्करी अमेरिकन रायफल: १८१९ची हॉल रायफल.

तीही चकमकीचीच. घोडा पडला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगीने रंजक पेटायची आणि बार उडायचा. पण दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासायला नको. नळीमागचा ठोकळा वर उचलून त्यातच भरायची.

त्याआधी बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीने घासून त्याच एका बंदुकीला बसवायचा. लढाईत एखादा भाग तुटला, की दुसरीचा भाग हिला चालेलच असं नाही. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलने यंत्रं आणि गेज वापरून सगळे भाग सारखेच करायचा घाट घातला. मापं एकाच ठरलेल्या जागेपासून घ्यायची, म्हणजे बारीकसारीक फरक साचत जात नाहीत.

१८२६मध्ये सरकारी तपासनिसांनी १०० रायफली खोलल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि नव्या दस्त्यांवर जोडले. ते बसले!

आता त्या यंत्रांवर पोरसवदा कामगारही चालणार होता. गल्लीतल्या दुकानात आपल्या फोनचा डिस्प्ले बदलून मिळतो, त्यामागे हाच हट्ट आहे. आणि ज्याच्या कानशीची गरज उरली नाही त्याने काय करायचं, हा आजचा प्रश्नही तेव्हापासूनचाच.