कुलाब्याची सुई आणि सूर्यावरचे वादळ

सौरवादळांचा विषय वर्गात निघाला की आपले विद्यार्थी नॉर्वे, कॅनडा अशा दूरदेशांची नावे घेतात. त्यात त्यांचा दोष नाही. आकाशातील रंगीत प्रकाशाची चित्रे तिकडचीच असतात. परंतु इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध सौरवादळाचा एक अव्वल दर्जाचा पुरावा आपल्या मुंबईत नोंदला गेला, ही गोष्ट शाळेत फारशी सांगितली जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरील डागांची चित्रे काढीत होता. एका मोठ्या डागसमूहावर अकस्मात दोन शुभ्र ठिपके तळपले व पाचएक मिनिटांत विझले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही रात्री आकाश लाल दिसले. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारांत आपोआप उत्पन्न झालेल्या विजेवर सुमारे दोन तास संदेश पाठविले!

मुंबईत त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ होती. लख्ख दिवसा आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वादळ कळले ते कुलाब्याच्या वेधशाळेतील टांगलेल्या चुंबकाला. ही वेधशाळा १८२६ सालची. चुंबकीय वेध तेथे १८४० नंतर नियमित होऊ लागले. छायाचित्राने आपोआप नोंद घेण्याची सोय १८७२ मध्ये आली, म्हणजे १८५९ साली सारे काम डोळ्यांनी व हाताने. एरवी तासातासाला आकडा वाचायचा आणि चुंबक अस्वस्थ झाला की पंधरा मिनिटांनी, पुढे पाच पाच मिनिटांनी. त्या सकाळी पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा अंश सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. एरवीच्या बलाच्या मानाने ही घट चार टक्क्यांच्या आसपास भरते. ऐकायला किरकोळ वाटेल. पण नेहमीच्या वादळांत ती शंभर-दोनशेच्या घरात असते.

असे का घडते? सूर्यातून विद्युतभारित कणांचा प्रचंड ढग बाहेर पडतो. तो पृथ्वीवर आदळला की विषुववृत्ताच्या वर, अंतराळात, पृथ्वीभोवती विजेचा एक प्रवाह बळावतो आणि जमिनीवरचे चुंबकीय बल त्याने घटते. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने हा परिणाम आपल्याकडे स्पष्ट मिळतो. ध्रुवांकडच्या लोकांना आकाशातील रोषणाई, आपल्याला सुईची हालचाल!

या वह्या जवळजवळ दीडशे वर्षे कपाटात राहिल्या. २००३ साली अमेरिकी, ब्राझिली व भारतीय संशोधकांनी त्यांतील आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता काढली, आणि आज जगभर त्याच मापाचा हवाला दिला जातो. ते आकडे वाचणाऱ्या सहायकांची नावे मात्र कोणी घेत नाही. या वेधशाळेतील एक नाव आपल्याला ठाऊक आहे. टिळकांचे गणितगुरू केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी सुमारे दहा वर्षे येथेच काम केले. १८५९ पूर्वीच ते बाहेर पडले होते. सूर्यावरील डाग व हवामान यांच्या संबंधाचाही त्यांनी पुढे अभ्यास केला.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारण्यात आली. डॉ. नानाभाई मूस हे त्या वेळी संचालक. दोन्हीकडे काही काळ बरोबरीने वेध घेतल्यावरच कुलाब्याचे काम थांबविले. (अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचेच ठाणे. नावाने कुलाबा सुटला नाही.)

आज तारायंत्रे गेली, पण विजेचे जाळे आले. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा अशाच वादळाने दीड मिनिटात कोसळला. साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ मध्ये तर लडाखमधील हानले येथून लाल आकाशाची छायाचित्रे घेता आली.

शाळेत याची सुरुवात खर्चाशिवाय होते. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ग्रहणातील सूर्याची प्रतिमा बारीक छिद्रातून पाडून अभ्यासली. तसेच अंधाऱ्या खोलीत पडद्यावर सूर्यबिंब पाडावे. डाग खूप मोठा असल्यास तोही दिसेल. थेट सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये. दोऱ्याने टांगलेल्या साध्या चुंबकात सौरवादळ सहसा कळणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे. तरी रोज ठरल्या वेळी दिशा टिपण्याची वही घालावी. सुटीच्या दिवशीही वही कोरी राहता कामा नये, हा नियम मुलांना जड जातो, तसा आम्हा शिक्षकांनाही.

२ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीला बरोबर १६४ वर्षे झाली त्या दिवशी, भारताचे ‘आदित्य-एल१’ यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. जानेवारी २०२४ पासून ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालिका निगार शाजी. त्या तामिळनाडूतील सेंगोट्टै गावच्या, शेतकऱ्याच्या कन्या, आणि त्यांचे शालेय शिक्षण तेथल्या सरकारी शाळेत झाले.