नेमाआधी झुबका

१९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिम्पिकला गेले आणि तेथे त्याने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात नॉर्वेच्या विली रोगेबर्गने ३० गोळ्यांत ३०० पैकी ३०० गुण मिळवले. त्या स्पर्धेत भारताचा नेमबाज नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती.

१९४८ मध्ये एनसीसी सुरू झाली आणि पुढे पॉइंट टू-टू रायफल अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयीन छात्रांच्याही हाती आली. तिचा पहिला धडा ‘ग्रुपिंग’चा. गोळ्या मध्यावर लागल्या का, हे नंतर. आधी त्या एकमेकींजवळ लागल्या का, हे पाहायचे. झुबका घट्ट पण बाजूला असेल, तर साइट फिरवून भागते. झुबकाच विस्कटला, तर दोष नेमबाजाचा, नळीचा की काडतुसाचा, हे शोधावे लागते. म्हणून स्पर्धक रायफल पकडीत घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात. रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या काठात असते; ते घरी पुन्हा भरता येत नाही. आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडणे, एवढेच हाती उरते.

५० मीटरवरचे दहाचे वर्तुळ आज अवघे १०.४ मिलिमीटरचे आहे आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. वऱ्हाडातला छात्र ज्या झुबक्यापासून सुरुवात करतो, त्याचीच ही अधिक बारीक मोजणी.