सायकलवरून सत्तरी

सत्तरी मी आधी पुस्तकातून वाचली, मग मोटारीच्या काचेतून पाहिली आणि आता गेली काही वर्षे सायकलवरून पाहतो आहे. या तिन्ही सत्तरी वेगवेगळ्या आहेत. पुस्तकातल्या सत्तरीत राणे आहेत, बंडे आहेत, तारखा आहेत. मोटारीतून दिसते ती नुसती हिरवीगार. सायकलवर मात्र चढ लागला की मांड्या भरून येतात, उतारावर बोटे ब्रेकवर आखडतात, आणि पुस्तकात वाचलेले एखादे वाक्य अचानक कळते.

माझी सायकल जाड टायरची, सरळ हँडलची, डोंगरात चालवायची. हा प्रकार तसा अलीकडचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही पोरे जुन्यापुराण्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली. उतार इतका की मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे. पुढे १९९६ मध्ये या खेळाला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली. मला शर्यतीशी कर्तव्य नाही. कच्च्या वाटेवर, दगडगोट्यांवर न घसरता चालणारे वाहन हवे होते, ते मिळाले.

परवा जानेवारीत भल्या पहाटे वाळपईहून निघालो. दवाने रस्ता ओला, काजूला मोहर, आणि नदीच्या अंगाला धुक्याचा जाड पट्टा. पहिला मुक्काम जवळचाच, नाणूस. म्हादईच्या काठच्या या गावातला किल्ला पाहायला गेलेला माणूस बहुधा निराश होतो. रायगड-सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर इथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. पण २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी हाच किल्ला ताब्यात घेतला आणि त्यानंतर जवळजवळ साडेतीन वर्षे पोर्तुगीज सरकारला सत्तरीत स्वस्थ बसू दिले नाही. १८५५ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली.

एवढे मोठे सरकार, तोफा-बंदुका असलेले, आणि समोर मूठभर माणसे. मग साडेतीन वर्षे का लागली? याचे उत्तर सायकलवर मिळते. सत्तरी एका सपाटीवर नाहीच. एक खिंड ओलांडली की एक ओहोळ, ओहोळ ओलांडला की पुन्हा चढ, आणि पलीकडे सह्याद्रीची भिंत. या भिंतीतून पाऊलवाटा वर जातात. घाट चढला की त्या काळी ब्रिटिशांचा मुलूख लागे. पोर्तुगीज शिपाई तिथे पाठलाग करू शकत नसत. पावसाळ्यात तर नद्या फुगल्या की फौज आहे तिथेच अडकायची. माझी सायकल जिथे खांद्यावर घ्यावी लागते, तिथून ती फौज तोफा कशी ओढत असेल, याचा विचार करून पाहा.

सत्तरी हा नव्या काबिजादींतला प्रदेश. बारदेश, तिसवाडी, सासष्टी सोळाव्या शतकात फिरंग्यांकडे गेल्या. सत्तरी त्यांच्या हाती लागली ती १७८० च्या दशकात. मधल्या अडीचशे वर्षांत तिकडून कितीतरी देव इकडच्या रानात आले. नगरगावजवळ ब्रह्माकरमळीला ब्रह्मदेवाचे देऊळ आहे. मूर्ती कदंबकालीन, काळ्या पाषाणाची, उभी. ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात देवळांवर संकट आले तेव्हा भक्तांनी ती इथे आणली आणि गावाचे नावही सोबत आणले. वाळपईहून सात-आठ किलोमीटरचा रस्ता मी अर्ध्या-पाऊण तासात कापतो. त्या माणसांनी खाडी, नदी, रान ओलांडत ती जड मूर्ती कशी आणली असेल? देवळाच्या पायरीवर बसून पाणी पिताना दर वेळी हाच विचार येतो.

पण दीपाजींची गोष्ट इथेच संपत नाही. १८९५ च्या सप्टेंबरात मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. समुद्र ओलांडला तर जात जाईल, घरची माणसे मागे राहतील, म्हणून त्यांनी नकार दिला आणि ते सत्तरीकडे आले. पुन्हा नाणूस, पुन्हा राणे. या वेळी दादा राणे पुढे होते. बंड मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ दों आफोंसो फौज घेऊन आला. पुढे दादा राण्यांना तिमोरला हद्दपार केले. ज्यांना समुद्र ओलांडायचा नव्हता त्यांच्या पुढाऱ्याला अखेर समुद्रच ओलांडावा लागला.

हे सारे आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगायलाच हवे. पण या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लिहिताना आपली लेखणी जरा अडखळते. राणे हे बंडखोर होते तसेच मोकासदारही होते. गावेच्या गावे मोकाशात. ज्या माणसांनी रान साफ केले, डोंगरउतारावर कुमेरी केली, नाचणी पिकवली, काजू लावला, त्यांच्या नावावर जमीन नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, कुळांसाठी कायदे झाले, तरी सत्तरीतल्या अनेक कुटुंबांचा जमिनीचा प्रश्न कागदावर सुटला नाही. जानेवारी २०२१ मध्ये गुळेली पंचायतीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटीसाठीच्या जागेची मोजणी करायला माणसे आली तेव्हा बायकामुलांसह गाव वाटेवर उभे राहिले. त्याच महिन्यात सरकारला ती जागा सोडावी लागली. नाणूस आणि मेळावली यांच्यात १६९ वर्षांचे अंतर आहे. नकाशावर मात्र ते फारसे नाही.

सावर्ड्याच्या पुढे म्हादई पुन्हा भेटते. सोनाळ, कडतरी, करंझोळ ही त्या बाजूची गावे. पावसाळा सरून पाणी उतरले की पात्रालगतच्या गाळाच्या जमिनीत इथले लोक बांध घालतात, नदीचे पाणी वळवून घेतात आणि भात लावतात. याला पुरणशेती म्हणतात. नदी दर वर्षी नवा गाळ देते, माणूस दर वर्षी नवा बांध घालतो. नदीचे पाणी किती, कधी उतरेल, कुठे वळेल, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांचीच ही शेती.

म्हादई उगम पावते खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात. तिथली माणसे मराठी बोलतात, घाटाखालच्या गावांशी त्यांचे जुने येणेजाणे. वरचे आणि खालचे या दोघांची नदी एकच, पण ती आता टीएमसीत मोजली जाते. १४ ऑगस्ट २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले गेले. पुरणशेतीचा बांध या हिशेबात कुठे बसतो, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

रानाचेही तेच. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य झाले, २०८ चौरस किलोमीटरांचे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मला वाघ हवा आहे. वाघ राहिला तर रान राहील आणि रान राहिले तर नदी. पण ज्याच्या हाती जमिनीचा कागद नाही त्याला अभयारण्याची हद्द म्हणजे नवी मोजणी वाटते, आणि त्याची ही भीती वेडगळ नाही. शे-दीडशे वर्षांच्या अनुभवातून ती आलेली आहे.

दुपारी सोनाळच्या बाजूला साकवाशी सायकल टेकवून मी टिपणवहीत काहीतरी लिहीत होतो. काजूच्या बागेतून एक म्हातारे बाहेर आले. हातात कोयता, डोक्याला पंचा. थोडा वेळ माझ्याकडे आणि वहीकडे पाहत राहिले.

‘जमीन मेजपाक आयल्यात?’

‘न्हय हो. सायकल घेवन भोंवता.’

त्यांनी टायर दाबून पाहिला, मान हलवली. विश्वास बसला असे वाटले नाही. तरी पाणी हवे का, म्हणून विचारले आणि घरी नेऊन पाण्याबरोबर गुळाचा खडाही दिला. निघताना मी वही पिशवीत घातली, तेव्हा कुठे ते मोकळेपणी हसले.