सर्पगंधा आणि डॉ. क्लाइन



आपल्या बीड जिल्ह्यात घरातलं कोणी भ्रमिष्ट झालं, तर अजूनही कित्येकांना आधी देवऋषी आठवतो. पण अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात अशा माणसाला डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि तो संध्याकाळच्या एस.टी.नं आपल्या माणसांत परततो. हे परतणं पूर्वी इतकं सोपं नव्हतं. ते सोपं कसं झालं, याच्या कथेत आपल्याकडच्या एका मुळीचाही वाटा आहे.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’च म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा गुण येतो, असं लिहून ठेवलं. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांचा रक्तदाब मोजून मुळीचा परिणाम एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडला. गुण येतो हे वैदूही सांगत होता. वकिलांनी तो आकड्यांत दाखवला, म्हणून जगानं कान टवकारले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं.

आता अमेरिकेकडे वळू. न्यूयॉर्कजवळ रॉकलंड इथं हजारो मनोरुग्णांचं एक सरकारी रुग्णालय होतं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते डॉ. नेथन क्लाइन, जन्म १९१६ चा. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिल्याची बातमी १९५३ साली तिकडच्या वर्तमानपत्रात आली. क्लाइननी ते औषध आपल्या रुग्णांना दिलं आणि १९५४ साली निष्कर्ष छापले. क्लाइन पुढे सांगत, की बदल आधी रुग्णालयाच्या काचा बसवणाऱ्या कारागिराच्या हिशेबात दिसला: औषध चालू असलेल्या खोल्यांत काचा कमी फुटू लागल्या! गुरुजी, मोजमाप म्हणजे काय, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

१९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत मुंबईचे वकील आणि न्यूयॉर्कचे क्लाइन दोघेही होते. तोवर पॅरिसहून क्लोरप्रोमझीन हे दुसरं औषध आलं होतं, आणि अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांवर गेलेली रुग्णसंख्या पुढच्या वर्षापासून उतरू लागली. त्याचं सारं श्रेय गोळ्यांना देऊ नये. सरकारी धोरणंही बदलत होती.

रेसरपीन मात्र टिकलं नाही. काही रुग्ण त्यानं फार उदास होत. तेव्हा कोणी घरी मुळी उगाळून देत असेल, तर त्याला आवरा.

उदासीचाही क्लाइननी पाठपुरावा केला. क्षयाच्या एका औषधानं रुग्ण हुशारतात, असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. ते इप्रोनियाझिड क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली उदासीवर वापरून दाखवलं. त्यानं काहींना कावीळ झाली आणि ते मागे घ्यावं लागलं. पण उदासीवर औषध असू शकतं, हे कळलं. त्याबद्दल १९६४ साली क्लाइनना लास्कर पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला. त्यावर एका सहकाऱ्यानं श्रेयाचा दावा लावला आणि न्यायालयानं पुरस्काराच्या रकमेत त्याला वाटा दिला.

क्लाइन मोठे खरे, पण उतावळेही. सत्तरच्या दशकात त्यांनी एंडॉर्फिन हे द्रव्य आवश्यक सरकारी परवानगी न घेता रुग्णांना दिलं. काही मनोरुग्णांना आपली संमती धड सांगताही येत नाही. तिथं हा नियम कागदी म्हणून उडवून लावता येत नाही. १९८२ साली त्यांना असे औषधप्रयोग पुन्हा करणार नाही, असं लिहून द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी ते वारले.