शुष्क वनस्पती आणि स्कर्व्ही : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रानवनस्पती सुकवून साठविण्याची प्रथा प्राचीन आहे. तथापि सुकविताना त्यांचे आरोग्यदायी गुण टिकतात काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाला मोठी किंमत मोजून मिळाले. इ. स. १७२० मध्ये हंगेरीतील ऑस्ट्रियन सैन्य स्कर्व्हीने ग्रासले. सैन्यवैद्य क्रेमर यांच्या विनंतीवरून व्हिएन्नाहून आलेल्या सुकविलेल्या स्कर्व्हीरोधक वनस्पती निरुपयोगी ठरल्या व असंख्य सैनिक दगावले. जेम्स लिंड यांनी १७५३ च्या ग्रंथात हा प्रसंग नोंदवून, सुकताना गेलेला रस पाण्याने परत येत नाही, हे एका वैद्याचे मतही नमूद केले. विसाव्या शतकात 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाने त्याचे कारण उलगडले. उष्णता व हवेच्या संपर्काने हे जीवनसत्त्व नष्ट होते. गोठवून शुष्क केल्यास ते अधिक टिकते. म्हणूनच रानभाजीचे गुण सांगताना ती ताजी की सुकविलेली, आणि सुकविली कशी, हे नोंदविणे अगत्याचे ठरते.