गिरडचे दगडी नारळ आणि विद्राव्यतेचे गणित

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर गोल, वजनदार दगडी गोटे सापडतात. व्यापाऱ्यांनी या अवलियाची टिंगल केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि बाकीचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्राच्या भाषेत हे झिओलाइट खनिजांचे गोटे. ते समजून घ्यायचे तर पाणी किती पदार्थ धरून ठेवते आणि केव्हा सोडते, हे आधी पाहावे लागते.

ठरावीक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त जितके ग्रॅम क्षार विरघळतात, ती त्या क्षाराची विद्राव्यता. तेवढा क्षार पोटात असलेले द्रावण संपृक्त होय. तापमान वाढले की विद्राव्यता वाढते, हा समज सर्रास आढळतो. पण तो अर्धाच खरा आहे. क्षारांच्या वागण्याचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार सोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा. २० अंश सेल्सिअसला त्याची विद्राव्यता सुमारे ३२ ग्रॅम, तर ८० अंशांना सुमारे १६९ ग्रॅम असते. दुसरा प्रकार मिठाचा. तेवढ्याच तापमानवाढीत ते सुमारे ३६ वरून ३८ ग्रॅमपर्यंत जाते. तिसरा प्रकार उलट्या चालीचा. चुन्याची निवळी तापवली की गढूळ होते, कारण उष्ण पाण्यात चुना कमी विरघळतो.

या फरकाचे मूळ उष्णतेच्या हिशेबात आहे. स्फटिकातील आयन एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा खर्च होते; पाण्याचे रेणू त्या आयनांना वेढतात तेव्हा ऊर्जा परत मिळते. खर्च जास्त असेल तर क्षार विरघळताना भोवतालची उष्णता शोषतो. अशा द्रावणाला उष्णता दिली की विरघळण्याची क्रिया पुढे सरकते. ले शातेलिए यांचे तत्त्व हेच सांगते. सोऱ्याचा खर्च मोठा असल्याने तो विरघळताना पाणी गार पडते. अकबराच्या काळी सोऱ्याने पाणी गार करत, अशी नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. मिठात जमा आणि खर्च जवळजवळ सारखे असतात, म्हणून त्याच्यावर तापमानाचा परिणाम नाममात्र. चुना विरघळताना उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्याची चाल उलटी.

एकाच पदार्थात दोन्ही चाली दिसू शकतात. सोडियम सल्फेटची विद्राव्यता ३२.४ अंशांपर्यंत झपाट्याने वाढते आणि पुढे हळूहळू उतरते. त्या तापमानाला त्याचा जलयुक्त स्फटिक पाणी सोडून निर्जल होतो. पुढे विरघळणारा पदार्थच निराळा असतो, म्हणून आलेख वळतो.

क्षार परत मिळवण्याची रीतही यावरूनच ठरते. ८० अंशांचे संपृक्त द्रावण २० अंशांपर्यंत थंड केले तर १०० ग्रॅम पाण्यातून सुमारे १३७ ग्रॅम सोरा बाहेर पडतो, मीठ मात्र जेमतेम दोन ग्रॅम. म्हणून सोरा निववून शुद्ध करतात आणि कोकणातल्या मिठागरांत पाणी उन्हाने उडवावे लागते. जड पाणी तापवले की भांड्याला पांढरा थर धरतो, त्यामागे दोन कारणे आहेत. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेल्या बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. शिवाय हे कार्बोनेटही उष्ण पाण्यात कमीच विरघळते.

आता गिरडकडे वळू. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचला. त्यातले वायूंचे बुडबुडे निवताना पोकळ्या होऊन राहिले. खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम विरघळवले. अस्फटिकी सिलिकाची विद्राव्यता २५ अंशांच्या मानाने १०० अंशांना सुमारे तिप्पट असते. पाणी निवले, त्याची आम्लता बदलली आणि खडकाशी रासायनिक क्रिया होत राहिली, तसतशी पोकळ्यांत झिओलाइटची खनिजे जमत गेली. झिओलाइट मिठासारखा साधा क्षार नाही, म्हणून केवळ थंडाव्यावर सगळे श्रेय टाकता येणार नाही. तरी तापमान हा मुख्य सूत्रधारांपैकी एक होता. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि गोटे सुटे झाले.

वेगवेगळे झिओलाइट वेगवेगळ्या तापमानाला तयार होतात. त्यामुळे पोकळीत कोणते खनिज आहे, यावरून तिथल्या पाण्याच्या उष्णतेचा अंदाज भूशास्त्रज्ञ बांधतात. विद्राव्यतेच्या आकड्याशेजारी तापमान लिहिलेले नसेल, तर तो आकडा अर्धवटच समजावा.